घरातल्या प्रत्येकाचा होकार

बंदूक घेऊन बसलेल्या माणसाचा फोटो पहिली वीस मिनिटं काढायचा नसतो. ट्रायपॉड उगाच इकडचा तिकडे करायचा, लेन्स पुसायची, खिडकीचा पडदा थोडा सारायचा, पण बटण दाबायचं नाही. त्या वीस मिनिटांत समोरचा माणूस सिनेमात असतो. हनुवटी वर, छाती पुढे, डोळे बारीक. दातांचा डॉक्टर असो की शाळेतला स्वयंपाकी, बंदूक हातात आली की आधी हेच होतं. मग हळूहळू हात दुखायला लागतात. बंदूक जड असते हो, सिनेमात ते कळत नाही. खांदे उतरतात, बंदूक मांडीवर आडवी होते आणि स्वयंपाकघरात कुत्र्यानं काय पाडलं, तिकडे माणसाचं लक्ष जातं. तेव्हा मी फोटो काढते.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, जरा थरारक लिहा. वाचकांना अमेरिकेतल्या बंदुकांचं फार कुतूहल असतं." मी तेव्हाच म्हटलं की थरार वगैरे माझ्याकडे काही नाही. अकरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन त्यांचे बंदुकीसकट फोटो काढले, पण गोळीचा आवाज एकदाही ऐकला नाही. पुस्तक झालं, दोन-तीन ठिकाणी प्रदर्शन लागलं, कौतुकही झालं. पण एक फोटो त्या पुस्तकात नाही. मी काढलेल्या फोटोंमधला तो सगळ्यात चांगला आहे, आणि त्या फोटोपायी एका घरात एक पिस्तूल तीन महिने जास्त राहिलं. ते सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे. बाकीचं आधी सांगते, कारण धंदा कळल्याशिवाय त्यातली चूक कळणार नाही.

मी मूळची नागपूरची. बाबांचा तिथे फोटो स्टुडिओ होता, मागे काळा पडदा आणि पुढे बाक असलेला. पासपोर्टचे, मुली दाखवायचे, शाळेच्या ग्रुपचे असे सगळे फोटो आम्ही काढायचो. बाबांचा एक हट्ट होता. काढलेला फोटो ते कधी कापायचे नाहीत. "जे बघायचं ते काढताना बघ, नंतर कात्री चालवून शहाणपण येत नाही," म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणालं की शेजारचा मेहुणा काढून टाका, आता आमचं पटत नाही, तरी बाबा ऐकायचे नाहीत. मी तो हट्ट तसाच्या तसा उचलला. आजही फिल्मवर काम करते, एका रोलमध्ये बारा फोटो, आणि निगेटिव्हच्या चार कडांच्या आत जे आलं ते सगळं प्रिंटवर येतं.

नवरा, अविनाश, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या नोकरीपायी मिशिगनला नोव्हाय नावाच्या गावी आलो ते इथलेच झालो. मी इथे डोहाळजेवणं, बारशी, ग्रॅज्युएशन आणि मंडळाचा गणपती एवढ्यावर दुकान चालवलं. बंदुकांचं खूळ शिरलं ते वॉल्टरमुळे. वॉल्टर शाळेची बस चालवून रिटायर झालेला. त्याच्या वाढदिवसाचा फोटो काढायला म्हणून गेले तर म्हणाला, एक माझ्या रायफलबरोबर काढशील का? हो म्हटलं. त्यानं मला आतल्या खोलीत नेलं. दोन पलंगांवर पांढऱ्या चादरी अंथरून त्यानं सगळ्या बंदुका उंचीनुसार मांडल्या होत्या, प्रत्येकीपुढे नावाची चिठ्ठी. आपल्याकडे लग्नात रुखवत मांडतात, अगदी तसं. मला हसू आलं, पण तो इतका मनापासून एकेकीची माहिती सांगत होता की हसणं गिळलं. सगळ्या घरात माणसांचा एकही फोटो नव्हता. मुलं किती विचारलं तर दोन म्हणाला. फोन येतो का विचारलं तर म्हणाला, "ह्या कुठे जात नाहीत," आणि एका रायफलीवरची धूळ बाहीनं पुसली. तो फोटो माझ्या पुस्तकात पहिला आहे.

मग मी माणसं शोधायला लागले. एकानं दुसऱ्याचं नाव द्यावं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, अशीच घरं मिळत गेली. पुस्तक बंदुकीच्या बाजूचं की विरोधातलं, असं सगळे विचारायचे. मी म्हणायचे, मी खुर्चीच्या समोरच्या बाजूची आहे. दोन्हीकडचे लोक चिडायचे, म्हणजे काम बरं चाललंय असा माझा समज होता.

कामाची पद्धत साधी. आल्या आल्या बंदूक माझ्यासमोर रिकामी करायची, उघडून दाखवायची, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं. याला कुणाची हरकत नसते, उलट शहाणी बाई म्हणून मान मिळतो. हरकत यायची ती पुढच्या अटीला. घरात जितकी माणसं राहतात, त्या प्रत्येकानं मला स्वतःच्या तोंडानं हो म्हणायला हवं. नवऱ्यानं बायकोच्या वतीनं किंवा आईनं मुलाच्या वतीनं म्हटलेलं चालत नाही. मी एकेकाला वेगळं गाठून विचारायचे, "या घरात ही वस्तू आहे, तिचा फोटो जगाला दिसणार आहे, तुमची तयारी आहे का?" एकाचाही नकार आला तरी कॅमेरा पेटीतून बाहेर येत नाही.

एकदा उत्तरेला चार तास गाडी हाणून गेले होते. बाप उत्साही, आई हो म्हणाली, मुलगा हो म्हणाला. सोळा वर्षांची मुलगी तिच्या खोलीत दार लावून बसलेली. मी दाराशी जाऊन विचारलं. आतून एवढंच आलं, "नो." मी खाली आले आणि पेटी उचलली. बाप म्हणाला, घर माझं आहे, तिचं काय ऐकतेस? मी म्हटलं, तिचंही आहे. त्यावर तो माझ्या देशाबद्दल जे बोलला ते इथे लिहीत नाही. परत चार तास. वाटेत पाऊस लागला, वायपर एक चालत होता, पण मी गाडीत गुणगुणत होते. स्वतःचा फार अभिमान वाटला होता त्या दिवशी मला. बंद दारामागचं 'नाही'सुद्धा आपण ऐकतो, असं अविनाशला येऊन सांगितलं. दोन-तीन भाषणांतही सांगितलं, टाळ्या मिळाल्या.

आणि एक डोरोथी. ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी. तिनं लांब नळीची जुनी रायफल मांडीवर घेतली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "ही ती नाही. ती पोलिसांनी नेली." मला आधी कळलं नाही. मग तिनं खिडकीबाहेरच्या कोठाराकडे बोट केलं आणि नवऱ्याचं नाव घेतलं. ती म्हणाली, "लोक म्हणतात, घरात चोर शिरला तर? पन्नास वर्षांत आमच्याकडे चोर एकदाही आला नाही. नवरा मात्र रोज घरी असायचा." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुस्तकात तिच्या फोटोखाली ते छापलं आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी माझ्या हातानं घालवलेली आहे.

आपली माणसं या सगळ्यात बरीच उशिरा आली. मंडळात पहिली काही वर्षं माझी थट्टाच चालायची. "ताई, बारशाला येताना तोफ आणू नका." मग दोन-तीन वस्त्यांमध्ये पाठोपाठ घरफोड्या झाल्या. आपल्या बायकांचं सोनं घरात असतं हे चोरांना कळलं होतं. तेव्हापासून हळदीकुंकवाला, गणपतीत, कुणीतरी बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायला लागलं की आमच्याकडेही आहे. एक सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "मावशी, माझाही फोटो काढा ना यार. बायकोला फक्त सांगितलं नाहीये. गॅरेजमध्ये कुकरच्या खोक्यात ठेवलंय." मी त्याला म्हटलं, आधी खोकं उघडून बायकोला दाखव, मग माझ्याकडे ये. तो काही आला नाही.

शिरीष आणि वसुधा आमच्या मंडळातलेच. शिरीष पन्नाशी ओलांडलेला, मूळ पुण्याचा, गाड्यांच्या ब्रेकच्या डिझाइनमध्ये सगळी हयात गेलेली. मंडळाच्या नाटकात पडदा ओढायला उभा राहणारा, कधी स्टेजवर न येणारा. वसुधा सांगलीची, इथल्या लायब्ररीत कामाला. एकुलती मुलगी, सई, दुसऱ्या राज्यात कॉलेजात. त्या घरफोड्यांनंतर शिरीषनं रीतसर पिस्तूल घेतलं, क्लास केला, तिजोरी बसवली. त्याच वर्षी दसऱ्याच्या आसपास त्याची नोकरी गेली. तीस माणसांना एका ईमेलवर काढलं, त्यात हा. मंडळात तो म्हणायचा, "ब्रेकवाल्यानं ब्रेक घेतलाय," आणि आम्ही हसायचो.

मला आपल्या माणसाचा एक तरी फोटो पुस्तकात हवा होता. अकरा वर्षं या देशातल्या घरांत फिरले आणि आपलंच घर नसावं, हे मनाला लागत होतं. शिरीषला विचारलं, तो लगेच तयार झाला. मला वाटतं, कुणीतरी त्याला कशासाठी तरी बोलावलं याचंच त्याला बरं वाटलं होतं.

नोव्हेंबरात एका दुपारी गेले. शिरीषनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. वसुधा म्हणाली की रोजच घालतात, सकाळी आठला लॅपटॉपपुढे बसतात, पाचला उठतात. ती हे हसून म्हणाली नाही. शिरीष पिस्तूल आणायला बेसमेंटमध्ये गेला आणि मी स्वयंपाकघरात तिच्याशी बोलायला गेले. तिथे मी तिला माझा प्रश्न विचारायचा होता. अनोळखी घरांत एकेकाला विचारला होता, दार लावून बसलेल्या मुलीला विचारला होता. ओट्याशी वसुधा पोह्यांवर खोबरं घालत होती.

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "कशाला गं एवढा घाट घातलास?"

"घाट कसला. बसा ना ताई, गरम आहेत तोवर खा."

मी बसले, खाल्ले. प्लेट संपली तशी तिनं दुसरी भरली. मी म्हटलं, "पुरे गं, उजेड जाईल."

"जाऊ दे की आज," ती म्हणाली. "घ्या अजून. फोटो काय, कधीही काढता येतो. यांचा नुसता काढा ना एखादा. सईच्या ग्रॅज्युएशनला लागेलच."

आता हे कुणा परदेशी माणसाला समजावून सांगावं लागेल. मराठी वाचकाला काय समजवायचं? आपल्या घरातली बाई पाहुण्याला नको म्हणत नाही. ती पोहे घ्या म्हणते, पुन्हा घ्या म्हणते, नुसता काढा म्हणते. सासरी-माहेरी चाळीस वर्षं काढलेल्या बाईला ही भाषा शिकवायला लागत नाही. मला तिचं म्हणणं अगदी स्वच्छ कळलं होतं. चमच्याच्या आवाजासकट कळलं होतं. पण तिनं 'नाही' हा शब्द उच्चारला नव्हता, आणि मला तो फोटो हवा होता. आपल्याच माणसाला फॉर्म भरून घेतल्यासारखं काय विचारायचं, असं मनाशी म्हणून मी दुसरी प्लेटही संपवली.

शिरीष वर आला. पिस्तूल उघडून दाखवलं, रिकामं होतं. तो म्हणाला, "ताई, काय ते आजच उरका. शनिवारी ही मला दुकानात घेऊन जाणार आहे परत द्यायला. नोकरी गेल्यापासून हिला सगळ्याचीच भीती वाटते."

वसुधा सिंकपाशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता.

मी खिडकीकडे बघितलं. नोव्हेंबरचा उजेड म्हणजे निव्वळ राखाडी. पानं गळलेली, बर्फ अजून पडायचा. बर्फ पडला की उजेड जमिनीवरून उसळून खालून वर येतो, हनुवटीखाली, हातांवर, पापण्यांखाली. घरात बसल्या माणसाला त्यापेक्षा चांगला उजेड नाही. मी म्हटलं, "शिरीष, दोन आठवडे थांबशील का? बर्फ पडू दे. तोवर देऊ नकोस."

"ठेवतो की," तो म्हणाला. "दोन आठवड्यांनी काय होतंय?"

घरी आल्यावर अविनाशनं विचारलं, "वसुधा हो म्हणाली?"

"पोहे दिले की तिनं," मी म्हटलं. तो पेपर वाचत राहिला. अविनाश नागपूरच्याच घरातला आहे, त्यालाही कळलं असणार.

डिसेंबरात बर्फ पडला आणि मी पुन्हा गेले. या वेळी वसुधा घरी नव्हती, लायब्ररीत जादा शिफ्ट होती. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकते. शिरीष खिडकीशेजारी लाकडी खुर्चीवर बसला. पिस्तूल हातात, सुरुवातीला तोच सिनेमा. मग वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. तो सईबद्दल बोलला, ती आता मराठीत उत्तर देत नाही म्हणाला. मुलाखतीत एका पोरानं त्याला विचारलं की पुढच्या पाच वर्षांत स्वतःला कुठे बघता. "मी म्हटलं, तुझ्या खुर्चीत बघत होतो रे." असं म्हणून हसला. पिस्तूल मांडीवर आलं होतं, दोन्ही हात त्यावर ठेवलेले, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवतात तसे. मान किंचित खाली गेली आणि तो त्या हातांकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचे सगळे ताण गेले. इतका निवांत चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. मी बटण दाबलं.

डोरोथीला भेटलेली बाई होते मी. तो चेहरा बघून मला कॅमेरा सोडून त्याच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. मी रोल गुंडाळला आणि मनात म्हटलं, मिळाला.

जानेवारीत त्याचा फोन आला. "ताई, फोटो आला का चांगला? वसुधा रोज विचारतेय, आता नेऊन देऊ का म्हणून."

निगेटिव्ह धुऊन झालं होतं, प्रिंट अजून काढली नव्हती. फोटो चांगला होता हे मला दिसत होतं, पण मी हावरट. मनात आलं, पुस्तकवाल्यांना दुसऱ्या कोनातून हवा असला तर? मी म्हटलं, "राहू दे रे थोडे दिवस. पुन्हा एकदा बसावं लागलं तर हाताशी असलेलं बरं."

"बरं," तो म्हणाला. "तुमचं काम पूर्ण होऊ दे." कुणाच्या तरी कामाचा अजून भाग असल्यासारखा खुशीत होता.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. सकाळचे अकरा वाजले होते, मी कुणाच्या बारशाचे फोटो पॅक करत होते. शिरीष गेला म्हणाला. बेसमेंटमध्ये. वसुधा कामावर होती. मी विचारलं नाही कसा. सेक्रेटरीनंही सांगितलं नाही, आणि मंडळाच्या मेसेजमध्ये 'अचानक दुःखद निधन' एवढंच आलं. आपल्यात तेही बोलत नाहीत.

मी गेले, सगळेच गेले. बायका डबे घेऊन येत होत्या, फ्रीजमध्ये जागा नव्हती. पाचव्या दिवशी वसुधाचा फोन आला. आवाज सपाट होता.

"ताई, तेराव्याला ठेवायला फोटो हवाय. यांचे सगळे ग्रुपमध्ये मागे उभे राहिलेले आहेत. एकटा, चांगला फोटो तुमच्याकडेच आहे."

"आहे," मी म्हटलं.

"त्यात हात दिसतात?"

"दिसतात."

"मग हात नकोत."

त्या दिवशी मी डार्करूममध्ये शिरले. निगेटिव्ह लावलं, खाली कागद धरायच्या चौकटीवर शिरीष उमटला, पूर्ण, खुर्चीसकट, मांडीवरच्या त्या वस्तूसकट. चौकटीला चार पट्ट्या असतात, त्या सरकवून फोटो हवा तेवढा ठेवता येतो. माझ्या पट्ट्या इतकी वर्षं एकाच जागी बसलेल्या, जाम झाल्या होत्या. खालची पट्टी सरकेना, तेल घालावं लागलं. शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत ती वर आणली. बाबा म्हणायचे ते आठवलं. काढताना बघितलं होतं मी, सगळं नीट बघितलं होतं.

तेराव्याला देवळातले गुरुजी आले होते. पाटावर फोटो, त्याला हार. खालून वर येणारा बर्फाचा उजेड, मान थोडी झुकलेली, पापण्या खाली. आल्या-गेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच होतं, काय शांत दिसतायत बघा. एक काकू मला म्हणाल्या, "तुमच्या हातात जादू आहे हो." मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले.

सई माझ्या मागे आली. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, ही लुक्स सो पीसफुल." मग थोडं थांबून, "व्हॉट इज ही लुकिंग अॅट?"

वसुधा तिथेच ओट्यापाशी द्रोण लावत होती. तिनं मागे वळून न बघता सांगितलं, "काही नाही गं. ऊन आलं होतं खिडकीतून, ते बघत होते." सई बरं म्हणून बाहेर गेली. मी आणि वसुधा तिथे उभ्या होतो. तिनं मला एक द्रोण दिला आणि म्हणाली, "हा बाहेर नेऊन द्या." मी नेला.

दीड वर्षानं पुस्तक छापायला जायची वेळ आली. पुस्तकवाल्यांनी सगळे फोटो भिंतीवर लावले होते आणि शिरीषचा बघून त्यातली संपादक बाई खुर्चीतून उठून भिंतीजवळ गेली. मग म्हणाली, हा मुखपृष्ठावर. मी म्हटलं, विचारावं लागेल.

वसुधा आता लहान घरात राहते. शनिवारी सकाळी गेले. तिनं चहा ठेवला, डबा उघडला. मी म्हटलं, "खायला काही देऊ नकोस. आधी ऐक." ती डबा हातात धरून उभी राहिली. तो प्रश्न मी दीडशेच्या वर घरांत विचारला आहे, इंग्रजीत पाठ झालेला आहे. मराठीत तो त्या दिवशी पहिल्यांदा विचारला. जीभ अडखळत होती.

"वसुधा, शिरीषचा तो फोटो. हात दिसतात तो. पुस्तकात छापायचा म्हणतायत. तुझी तयारी आहे का?"

"नाही," वसुधा म्हणाली.

तिनं डबा लावून फळीवर ठेवला, गॅस बारीक केला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"बघा ताई, येतं मला म्हणता," ती म्हणाली. "तेव्हा कुणी विचारलं नव्हतं."